शनिवार-रविवारचा वर्ग, मंगळवारचा कारखाना

कोल्हापुरात नोकरी-धंदा सांभाळून एमबीए करायचं म्हटलं की पहिली अडचण येते ती वारांची. इथली बरीच दुकानं नि वर्कशॉप सोमवारी बंद. नोकरदारांसाठीचे वर्ग मात्र शनिवार-रविवारी. भर कामाच्या दोन दिवशी गैरहजर राहायचं आणि सुट्टीच्या सोमवारी घरच्यांकडे पाठ करून असाइनमेंट लिहीत बसायचं. प्रवेशाआधी घरी आणि कामावर हे नीट बोलून घेतलेलं नसेल, तर दिवाळीपर्यंत दोन्हीकडे खटके उडायला लागतात. साखर कारखान्यातल्या मंडळींची आणखी वेगळी तऱ्हा. गळीत हंगाम पहिल्या सत्राच्या शेवटी सुरू होतो आणि दुसरं सत्र खाऊन टाकतो. त्यांनी हजेरीची अट फॉर्म भरतानाच विचारून घ्यावी, परीक्षेच्या तोंडावर नको.

मग तासांचा हिशेब करायचा. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास शिकवणं. चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा, आणि सत्रात असे पाच पेपर असले तर ३०० तास. शनिवार-रविवार मिळून १२ तास वर्ग भरतो असं धरलं तर त्याला २५ आठवडे लागतात. सहा महिन्यांत रविवारच २६. त्यात गणपती, दिवाळी, जोतिबाची यात्रा, परीक्षा आणि लग्नसराई बसवून दाखवा! म्हणून माहितीपत्रकावरच्या हसऱ्या फोटोंपेक्षा वेळापत्रक मागावं आणि सरळ विचारावं: वर्गात प्रत्यक्ष किती तास, ऑनलाइन किती, आणि स्वयंअध्ययन म्हणून किती सोडून दिलेत? उत्तर गुळमुळीत आलं तर काय ते समजून घ्यावं.

शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, त्याच परिसरातली सायबर ही व्यवस्थापन शिकवणारी संस्था १९७६ ची. व्यवस्थापनाचं शिक्षण कोल्हापूरला नवीन नाही. तरीही पदवी नियमित, दूरस्थ की ऑनलाइन, तिला त्या पद्धतीसाठी यूजीसीची मान्यता आहे का, आणि 'एक्झिक्युटिव्ह' हा शब्द पदवीच्या नावात आहे की फक्त जाहिरातीत, या तीन गोष्टी लेखी बघाव्यात. पुढे बढतीच्या किंवा सरकारी अर्जात नेमकं हेच विचारतात.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते अनुभव प्रमाणपत्रावर. नोकरदाराच्या पत्रावरची रुजू तारीख पीएफच्या नोंदीशी जुळत नाही, कारण पहिली दीड-दोन वर्षं तो ठेकेदाराच्या नावावर असतो. पत्र तसंच, दोन टप्प्यांत मागून घ्यावं. घरच्या धंद्यातल्या मुलांकडे तर नेमणुकीचं पत्रच नसतं. बापाने पोराला नेमणूकपत्र द्यायची आपल्याकडे रीत नाही. तिथे भागीदारीपत्र, उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र आणि सीएचं पत्र यांवर सहसा भागतं, पण यातलं काय चालतं ते कार्यालयात आधी विचारावं. दुसऱ्या विद्यापीठाची पदवी असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लगेच मागवावं, त्याला वेळ लागतो.

पहिल्या वर्गात आजूबाजूला बघितलं की खरी शिदोरी दिसते. शिरोलीच्या फौंड्रीतला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातला, शिफ्ट इंजिनिअर, इचलकरंजीचा यंत्रमागवाला, हुपरीत चांदीचं काम करणारा, पतसंस्थेची शाखाधिकारी, दूध संकलनातला सुपरवायझर, लक्ष्मीपुरीतला ठोक व्यापारी. सगळे आपापल्या ठिकाणी साहेब नाहीतर मालक, आणि इथे कुणीच कुणाच्या हाताखाली नाही. हुकूम सोडणं यांतल्या प्रत्येकाला येतंच. ज्याच्यावर आपला हुकूम चालत नाही त्याच्याकडून वेळेत काम करून घ्यायची सवय मात्र फार थोड्यांना असते. दोन वर्षांत घडण्यासारखं जे आहे ते बरंचसं इथेच घडतं. 'लीडरशिप' नावाच्या पेपरात त्यातलं थोडंच सापडतं.

गट पाच-सहा जणांचा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ठरल्यासारखं एकच होतं: एक जण सगळं लिहितो, दोघं वाचतात, उरलेले नाव घालतात. फुकट्यांवर चिडून उपयोग नसतो. पहिल्याच बैठकीत एका पानावर कोण काय, कुठल्या तारखेपर्यंत आणि किती पानं देणार हे लिहून सगळ्यांनी सही करावी, आणि सादरीकरणाच्या दिवशी कुणी कुठला भाग मांडायचा ते चिठ्ठी टाकून ठरवावं. चिठ्ठीमुळे प्रत्येकाला सगळंच वाचून यावं लागतं. हा एवढासा उपाय रागावण्यापेक्षा जास्त काम करतो. गट निवडायची मोकळीक असेल तर आपल्याच एमआयडीसीतले मित्र घेऊ नयेत. पाच फौंड्रीवाले एका गटात बसले की प्रत्येक केसचं, म्हणजे वर्गात चर्चेला दिलेल्या धंद्यातल्या प्रसंगाचं, उत्तर भट्टीपाशीच येऊन थांबतं.

केस वाचण्याची एक पद्धत आहे आणि ती पहिल्या महिन्यातच हाताला लागलेली बरी. १५-२० पानांची केस आधी दहा मिनिटांत चाळायची: पहिले दोन परिच्छेद, शेवटचं पान, तक्ते. निर्णय कुणी घ्यायचाय आणि कधीपर्यंत, एवढंच शोधायचं. मग पेन्सिल घेऊन सावकाश वाचायचं. तिसऱ्या खेपेला फक्त आकडे, आणि तक्त्यातली निदान एक बेरीज-वजाबाकी स्वतः करायची. शेवटी कागदाच्या डोक्यावर एका ओळीत निर्णय लिहायचा. ती ओळ न लिहिता वर्गात गेलं की माणूस 'अजून माहिती हवी' असं म्हणून सुटका करून घेतो. कामावर असं म्हणायची मुभा कधी मिळते? मंगळवारी सकाळी ट्रक दारात उभा असतो.

भाषेचं थोडं बोलायला हवं. पेपर इंग्रजीत लिहायचा असतो आणि इंजिनिअर मंडळींना वाचलेलं समजतं, पण बोलताना जीभ जड होते. त्यामुळे हुशार माणूस गप्प बसतो आणि बोलका माणूस केस मारून नेतो. निर्णयाची ती एक ओळ मराठीत लिहावी, कारणंही मराठीत, मग इंग्रजी करावं. उलट केलं की इंग्रजीत जेवढं जमतं तेवढाच विचार होतो. गटातली चर्चा तर मराठीतच करावी. 'वर्किंग कॅपिटल टाइट आहे' यापेक्षा 'पगाराला पैसे नाहीत' यावर चर्चा लवकर रंगते.

हिशेबाचा पेपर पहिल्या सत्रात येतो आणि तोच बहुतेकांना घाबरवतो. आमच्या मते नेतृत्वाचा सगळ्यात उपयोगी पेपर तोच. कारण सोपं आहे: विक्रीवाला, उत्पादनवाला आणि अकाउंटंट एकमेकांशी भांडतात तेव्हा तिघांच्या हातात वेगवेगळे कागद असतात. त्यांना एका कागदावर आणणारा माणूस लागतो, आणि तो कागद वाचता आल्याशिवाय हे काम होत नाही.

वर्गात होणारं एक साधं उदाहरण घ्या. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, पूर्ण खर्च किलोला ९५ रुपये. त्यात धातू, वीज, वाळू, जॉबवर्क असा मालाबरोबर वाढणारा खर्च ७६; उरलेले १९ म्हणजे शेड, पगार, हप्ते. एक गिऱ्हाईक ८८ ने २० टन मागतंय. अकाउंटंट म्हणतो किलोमागे ७ रुपये तोटा. विक्रीवाला म्हणतो घेऊया. दोघंही अर्धवट बरोबर. भट्टी रिकामी असेल तर किलोमागे १२ रुपये हाताशी येतात, २० टनांवर २ लाख ४० हजार; ऑर्डर सोडली तर शेड आणि पगार काही कमी होत नाहीत. भट्टी आधीच भरलेली असेल आणि ९५ चं काम बाजूला सारून हे घेतलं, तर किलोमागे १९ सोडून १२ घेतले, म्हणजे १ लाख ४० हजारांचं नुकसान. तेव्हा पहिला प्रश्न भट्टीचा, मग भावाचा. आणि उत्तरपत्रिकेत मार्क मिळवून देत नसलेला तिसरा प्रश्न: ८८ चा भाव एकदा दिला की तो शिरोलीभर किती दिवसांत पोचेल? पुढच्या महिन्यात जुनं गिऱ्हाईक तोच आकडा घेऊन समोर बसतं.

दुसरं उदाहरण अडकलेल्या पैशाचं. कच्चा माल २० दिवस पडून, चालू काम १२ दिवस, तयार माल ८ दिवस, गिऱ्हाइकाकडून पैसे ७५ दिवसांनी. त्यातून आपण पुरवठादाराला ३० दिवस थांबवतो ते वजा. राहिले ८५ दिवस. वर्षाचा खर्च १० कोटी असेल तर सुमारे २ कोटी ३३ लाख कायम धंद्यात रुतलेले. वसुली ७५ वरून ६० दिवसांवर आणली की जवळपास ४१ लाख मोकळे होतात. १० टक्के व्याज धरलं तर वर्षाला चार लाखांवर. हे गणित स्वतःच्या कारखान्याच्या ताळेबंदावर करून बघावं. वर्गातले बहुतेक जण इथे पहिल्यांदा अकाउंटंटच्या टेबलाशी स्वतःहून जाऊन बसतात. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला करार असेल तरी ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच आयकरात दाखवता येतो, ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापलेला असेल तर वसुलीचं बोलणं सोपं जातं. अर्थात जास्त जोर केला तर मोठं गिऱ्हाईक दुसरा पुरवठादार बघतं, हेही त्याच कागदावर लिहायचं.

मार्केटिंग, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांबद्दल इथे फार सांगण्यासारखं नाही. संख्याशास्त्रात सरासरीबरोबर पसारा, म्हणजे आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत ते, बघायला शिकलात तरी पुरे.

नेतृत्वाच्या पेपरात हर्सी आणि ब्लँचर्ड यांचं १९६९ चं मॉडेल हमखास येतं: माणूस कामात नवखा असेल तर सांगा, तयार होत गेला की समजवा, मग सामील करा, शेवटी सोपवा. चार चौकोनांची आकृती परीक्षेत काढायचीच. संशोधनात या मॉडेलला भक्कम आधार मिळालेला नाही, तरी एक प्रश्न विचारायला ते बरं: मी सगळ्यांशी एकाच पद्धतीनं वागतो का? वीस वर्षं मोल्डिंग करणाऱ्या मिस्त्रीला रोज सूचना द्यायच्या आणि नव्या डिप्लोमावाल्या पोराला 'बघ तुझं तू' म्हणायचं, असा उलटा कारभार बऱ्याच शेडमध्ये चालतो.

सोपवण्याचा खरा अभ्यास मात्र वहीत होतो. दहा रुपयांची वही घ्यायची आणि सात दिवस, आपल्याला कुणीही येऊन 'साहेब, हे करू का?' विचारलं की नोंद करायची: कोण, काय, किती रुपयांचं, उत्तर द्यायला किती वेळ. पहिल्या दिवशी लाज वाटते इतक्या नोंदी होतात. चहाच्या बिलापासून बेअरिंगपर्यंत. आठव्या दिवशी प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करायची: त्यानं ठरवावं आणि मला सांगूही नये, त्यानं ठरवावं आणि संध्याकाळी सांगावं, मला विचारूनच करावं. मग रुपयांची मर्यादा घालायची, समजा सुपरवायझरला ५ हजार, मॅनेजरला २५ हजार, आणि ती टाइप करून ऑफिसात लावायची. तोंडी मर्यादा दोन आठवड्यांत विरून जाते.

हे फसतं कुठे? पहिल्याच चुकीला. सुपरवायझर साडेचार हजारांची एक वस्तू महाग आणतो, आणि साहेब चारचौघांत म्हणतात, 'मला विचारायचं तरी!' संपलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे प्रश्न पुन्हा साहेबांच्या दारात, आणि वर 'तुम्हीच म्हणालात' हे ऐकावं लागतं. मर्यादेच्या आतल्या चुकीवर महिनाभर चारचौघांत काहीही बोलायचं नाही, एवढा एक नियम पाळला तर वही यशस्वी होते.

चुकीबद्दल बोलायचं कसं, यावर वर्गात रोल-प्ले होतो. सुरुवातीला हसण्यावारी जातो, मग हळूहळू टोचायला लागतो. बत्तीस वर्षांचा इंजिनिअर, समोर पंचावन्नचे मिस्त्री. पहिला प्रयत्न बहुधा असा: 'मिस्त्री, तुम्ही नेहमी उशिरा येता, तुमचं लक्ष नाही कामावर.' यावर उत्तर येतं, 'मी या शेडला आलो तेव्हा तुम्ही शाळेत होता, साहेब.' वर्ग हसतो आणि इंजिनिअरचा चेहरा पडतो. दुरुस्त केलेलं बोलणं असं होतं: 'मिस्त्री, मंगळवारी आणि गुरुवारी तुम्ही साडेआठला आलात. भट्टी आठला तयार होती. अर्धा तास धातू धरून ठेवावा लागला, वीज वाया गेली, आणि पहिल्या साच्यांत कोल्ड शट (थंड पडलेला धातू नीट न जुळल्याचे दोष) निघाले. काय अडचण होती?' दिवस, वागणं, परिणाम, आणि प्रश्न. 'नेहमी', 'कधीच', 'लक्ष नाही' हे शब्द बाद. प्रश्नानंतर गप्प राहायचं, आणि तेच सगळ्यात अवघड असतं. बहुतेक जण तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हे बाजूला घेऊन बोलायचं, चहाच्या गाड्यापाशी नाही.

३६० अंशांचा अभिप्राय, म्हणजे वरचे, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून आपल्याबद्दल मत घेणं, हा प्रकार मोठ्या कंपन्यांसाठी बेतलेला आहे आणि ३० माणसांच्या वर्कशॉपमध्ये तो जसाच्या तसा आणला की फजिती होते. हाताखालच्या तिघांकडून फॉर्म भरून घेतले तर अक्षरावरून माणूस ओळखू येतो, आणि माणसाला ते माहीत असतं, म्हणून तो 'साहेब चांगले आहेत' लिहून मोकळा होतो. निदान पाच जण हवेत, नुसत्या खुणा करायचा छापील फॉर्म हवा आणि गोळा करणारा तिसरा कुणीतरी, शक्यतो वर्गातला सहाध्यायी. प्रश्न स्वभावाचे नकोत. 'साहेब समजूतदार आहेत का?' याला उत्तर ठरलेलं. 'गेल्या महिन्यात तुमचं बोलणं साहेबांनी मध्येच तोडलं असं किती वेळा झालं: एकदाही नाही, एक-दोनदा, त्याहून जास्त' यावर खूण करताना पेन थबकतं, आणि थबकून केलेली खूणच कामाची. निकाल आल्यावर कुणी काय लिहिलं ते शोधत बसू नये. एक गोष्ट निवडून सगळ्यांना सांगावी, 'ही मी बदलणार.'

तिसऱ्या सत्रातल्या डावपेचांच्या (स्ट्रॅटेजीच्या) पेपरात जोखमीचा भाग कोल्हापूरकरांना वेगळा शिकवावा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. म्हणून कागदावरच्या 'धोका: मध्यम' अशा रकान्यापेक्षा सरळ प्रश्न घ्यावेत: महामार्ग पाच दिवस बंद राहिला तर पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे किती दिवसांचा माल आधीच पोचलेला हवा? कामगारांपैकी किती जण नदीपलीकडून येतात? साचे बनवायचे पॅटर्न कुठल्या उंचीवर ठेवलेत? हे पान जूनच्या आत तयार असावं.

शेवटचं सत्र प्रकल्पाचं, आणि सगळ्यात जास्त वाया जातं ते इथेच. 'अमुक कंपनीतील कर्मचारी समाधानाचा अभ्यास', शंभर प्रश्नावल्या, चाळीस पाय-चार्ट, आणि शेवटी शिफारस: व्यवस्थापनाने संवाद वाढवावा. असे अहवाल गठ्ठ्यानं येतात. त्यातून काही शिकायला मिळत नाही, कारण त्यासाठी कुणाला काही बदलायला सांगावं लागत नाही, आणि कुणी नाही म्हणत नाही.

चांगला विषय एका वाक्यात मावतो, त्यात आकडा असतो आणि दुसऱ्या खात्याची मदत लागते. उदाहरणार्थ, एका भागाचं रिजेक्शन ७ टक्क्यांवरून ४ वर आणणं. आधी सहा महिन्यांच्या नोंदी. त्या मिळाल्या तरी दोष 'इतर' या रकान्यात भरलेले असतात, म्हणून पहिले तीन आठवडे फक्त नोंदीची पद्धत सुधारण्यात जातात. घाबरू नये, तोही प्रकल्पच. मग दोषांची उतरत्या क्रमानं मांडणी: ब्लोहोल (वायूमुळे पडलेली पोकळी), वाळू, श्रिंकेज (थंड होताना आकसणं). ब्लोहोल वर आला आणि पावसाळ्यात जास्त दिसला तर वाळूतल्या ओलाव्याकडे बघायचं. ओलावा दर दोन तासांनी मोजायचा म्हटलं की सँड प्लँटवाला म्हणणार, माणूस नाही. इथून प्रकल्प सुरू होतो. त्याच्याकडून तो माणूस कसा मिळवला, बदल्यात काय दिलं, दुसऱ्या आठवड्यात मोजणी बंद का पडली, ती पुन्हा कशी सुरू केली, हे सगळं अहवालात तारखेनिशी यावं. आकडा ४ ऐवजी ५.५ वर थांबला तरी चालतो. तो मुद्दाम ४ करून आणलेला तोंडी परीक्षेत लगेच उघडा पडतो. बाहेरून आलेले परीक्षक दोनच प्रश्न विचारतात: मूळ नोंदवही कुठे आहे, आणि तुम्ही तिथून उठल्यावर ही मोजणी कोण करतंय?

अहवाल ८०-१०० पानांचा मागतात. त्यातली कंपनीच्या इतिहासाची वीस पानं शेवटच्या आठवड्यात लिहिता येतात. आकडे आणि तारखा मात्र रोजच्या रोज. आणि कंपनीचे भाव, गिऱ्हाइकांची नावं छापण्याआधी मालकांची लेखी परवानगी घ्यावी. बांधणी झाल्यावर पानं फाडायची पाळी येऊ नये.

पदवी हातात आल्यावर कारखान्यात दोन आठवडे सगळे बघत असतात, साहेब शिकून आलेत, आता काय काढतात. त्या दोन आठवड्यांत नवीन काही काढू नये. सहा महिने झाले की दहा रुपयांची वही पुन्हा उघडावी आणि परत सात दिवस भरावी. प्रश्न कमी झाले नसतील तर माणसांना दोष देण्याआधी ऑफिसातल्या भिंतीवरचा तो ५ हजारांचा आकडा बघावा. तो लावला तेव्हाचे भाव आता राहिलेत का?